फायनान्सचा प्रोजेक्ट आणि ग्रंथालय: सुरुवात कुठनं करायची (हळदीच्या भावाचं उदाहरण घेऊन)

दिवाळीची सुट्टी संपली की मला फोन यायला सुरू होतात. एम.कॉम.ची पोरं, बी.ए. अर्थशास्त्राच्या पोरी, मधनंच एखादा एमबीएवाला, आणि सगळ्यांचं एकच, "दादा प्रोजेक्ट आहे, फायनान्सवर कायतरी करायचंय, मटेरियल कुठं मिळंल?" विषय काय विचारलं तर म्हणतात "सांगली जिल्ह्याचा आर्थिक विकास". आता ह्यावर काय बोलणार. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवायलोय, ग्रंथालयात गेल्यावर काय मागायचं, कुठला आकडा कुठल्या अहवालात असतोय आणि तो उचलताना पाय कुठं घसरतोय. मी प्राध्यापक वगैरे नाही. एम.कॉम. करताना दीड वर्ष वाचनालयांत बसलो, चुका पोत्यानं केल्या, एवढंच माझं क्वालिफिकेशन.

उदाहरण एकच घेतो, हळद. माझे मामा मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. एकदा जेवताना आमचा चुलतभाऊ म्हणाला यंदा हळदीला काय भाव आलाय, शेतकरी मालामाल. मामांनी ताटातनं मान वर न करता विचारलं, "भाव चढला म्हणतोस, मग डिझेल किती चढलं, मजुरी किती चढली, ते सांग की आधी." भाऊ गप्प. मी पण गप्प, पण मला विषय मिळाला.

प्रश्न बारीक करा, मगच घराबाहेर पडा

"हळदीचं अर्थकारण" हा विषय नाही, ते पुस्तकाचं नाव झालं. विषय असा पाहिजे की त्याचं उत्तर हो, नाही किंवा एवढे टक्के असं देता येईल. माझा शेवटी असा झाला: सांगली बाजार समितीत राजापुरी हळदीला मिळणारा भाव गेल्या दहा वर्षांत महागाईच्या मानानं वाढला का. ह्यात चार गोष्टी पक्क्या झाल्या बघा. जागा सांगली बाजार समिती, माल राजापुरी (म्हणजे बाहेरनं येणारी परपेठ हळद ह्यात धरायची नाही, यार्डात दोन्हीचे सौदे होतात आणि भाव वेगळे असतात), काळ दहा वर्षं, आणि मोजायचं काय तर महागाई काढून टाकलेला भाव. कागदाच्या तुकड्यावर हे एका वाक्यात लिहून खिशात ठेवा. ग्रंथपालाला तेच वाक्य दाखवायचंय.

बेदाणा घ्या, ऊस घ्या, पतसंस्था घ्या, साताऱ्याकडचे असाल तर स्ट्रॉबेरी घ्या, पद्धत हीच.

शब्दांची यादी

हे काम कुणी करत नाही आणि मग कॅटलॉगमध्ये "हळद" टाकून दोन रेसिपीची पुस्तकं मिळाली की म्हणतात इथं काय नाही. एका विषयाची तीन-चार नावं असतात. हळद, टर्मरिक, मसाला पिकं, नगदी पिकं, कृषी पणन, शेतमाल विक्री, नियंत्रित बाजारपेठ, किंमत चढउतार, असे मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द वहीत एका पानावर लिहा. जुन्या इंग्रजी पुस्तकांत गावांची स्पेलिंगं पण वेगळी असतात, ती दिसतील तशी यादीत वाढवत जा.

मराठी शब्द अडला तर मराठी विश्वकोश उघडा. हा आपल्याच वाईत तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ ला आला आणि आता सगळं ऑनलाइन फुकट आहे. घाऊक किंमत निर्देशांक, वायदेबाजार, सहकार, असल्या नोंदी मराठीत नीट समजावून दिलेल्या असतात. आकडे अर्थातच जुने, ते उचलायचे नाहीत, संकल्पना समजून घ्यायला वाचायचं. आणि भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश आहे, इंग्रजी शब्दाला सरकारमान्य मराठी शब्द काय ते त्यात मिळतं. मराठीत प्रोजेक्ट लिहिणाऱ्यांनी तो बघावाच, नाहीतर "डिफ्लेशन"ला जो तो आपापला शब्द काढत बसतो.

अजून एक शब्द यादीत घाला, ह्यानं मला चार दिवस फिरवलं: दक्षिण सातारा. सांगली जिल्हा १ ऑगस्ट १९४९ ला झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं, सांगली हे नाव २१ नोव्हेंबर १९६० पासनं. त्यामुळं १९५१ च्या जनगणनेत "सांगली जिल्हा" शोधत बसाल तर सापडणार नाही. आणि त्याच्याही मागं गेलात तर तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात, म्हणजे १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये (गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), आणि सांगली, मिरज, जत ही संस्थानं असल्यामुळं त्यांचा हिशेब अजून तिसरीकडं. जुना आकडा आणि नवा आकडा शेजारी शेजारी ठेवताना जिल्ह्याची हद्द तीच आहे का हे बघा, नाहीतर तालुके वाढल्यामुळं झालेली वाढ तुम्ही विकास म्हणून लिहाल.

कुठलं ग्रंथालय

तीन प्रकारची धरा. एक म्हणजे शहरातलं सार्वजनिक वाचनालय, आपल्या सांगलीत, साताऱ्यात चांगली जुनी आहेत. अनामत आणि वर्गणी भरायची, ओळखपत्राची झेरॉक्स द्यायची, मेंबर व्हायचं. इथं कथा-कादंबऱ्या जास्त असल्या तरी संदर्भ विभागात गॅझेटियर, जनगणना पुस्तिका, जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे मिळू शकतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीत बरीच जुनी पुस्तकं पाण्यात गेली, त्यामुळं कॅटलॉगमध्ये आहे म्हणजे कपाटात आहे असं धरून चालू नका, विचारून घ्या.

दुसरं तुमच्या कॉलेजचं ग्रंथालय. ह्याची किंमत पोरांना कळत नाही, ते पुढं सांगतो. तिसरं विद्यापीठाचं, म्हणजे आपल्याला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, सकाळच्या एसटीनं गेलं की दिवसभर बसून संध्याकाळी परत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची, नुसत्या अर्थशास्त्राचं एवढं जुनं ग्रंथालय आपल्या भागात दुसरं नाही, आणि त्याला नाव धनंजयराव गाडगीळांचं आहे, ज्यांच्या नावाचं कॉमर्स कॉलेज साताऱ्यात आहे तेच. बाहेरच्या विद्यार्थ्यानं जाताना कॉलेजच्या लेटरहेडवर प्राचार्यांच्या सहीचं शिफारसपत्र न्यायचं, आणि आधी फोन करून विचारायचं की बाहेरच्यांना कधी बसू देता, किती फी. मी एका ठिकाणी (नाव नको) पत्र न घेता गेलो आणि गेटवरनंच परत आलो, जाणं-येणं मिळून एक अख्खा दिवस आणि भडंगाची पुडी एवढंच हाताला लागलं.

ग्रंथपालाला काय विचारायचं

"सर मटेरियल द्या" असं म्हणायचं नाही. देवघेव काउंटरला गर्दी असते तेव्हा तर अजिबात नाही. दुपारी गर्दी कमी झाली की संदर्भ विभागात जायचं, खिशातलं ते वाक्य दाखवायचं आणि विचारायचं, मॅडम ह्याच्यावर अहवाल कुठले आहेत, मासिकं कुठली येतात, आणि जुने अंक बांधलेले कुठं ठेवलेत. माझ्या अनुभवात निम्मं काम ह्या तीन प्रश्नांत होतं. जुने अहवाल कपाटाच्या वर नाहीतर माळ्यावर असतात, शिपाई मामा काढून देतात, त्यांच्याशी नीट बोलायचं, त्यांना कुठं काय ठेवलंय ते कॉम्प्युटरपेक्षा जास्त माहीत असतं. धूळ लई असते, रुमाल न्या.

कॉलेजात बहुतेक ड्यूई पद्धतीनं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक नंबर देऊन, पुस्तकं लावलेली असतात. सगळं पाठ करायला नको, एवढं ध्यानात ठेवा: ३३० अर्थशास्त्र, ३३०.९५४ भारताची अर्थव्यवस्था, ३३२ बँका-पैसा-गुंतवणूक, ३३४ सहकार, ३३६ सरकारी वित्त म्हणजे कर आणि बजेट, ३३८ उत्पादन, त्यात ३३८.१ शेतीचं अर्थशास्त्र, आणि ६५७ अकाउंटिंग. हळदीसाठी मी आधी नुसता ३३८.१ ला जाऊन बसत होतो. नंतर कळलं की बाजार समित्यांवरची पुस्तकं ३८१ ला, म्हणजे व्यापाराकडं लावलीत, आणि सोसायट्यांच्या मार्फत विक्रीवरची ३३४ ला. म्हणजे एका विषयासाठी तीन कपाटं. एक पुस्तक सापडलं की त्याच्या आजूबाजूची दहा पुस्तकं काढून नुसती अनुक्रमणिका बघायची, हे काम ओपॅकवर (ग्रंथालयाचा कॉम्प्युटरवरचा कॅटलॉग) बसून होत नाही. सार्वजनिक वाचनालयात मात्र दाखल अंकानं (पुस्तक आल्यावर रजिस्टरात पडतो तो नंबर) किंवा त्यांच्या स्वतःच्या विभागणीनं लावलेलं असू शकतं, तिथं रजिस्टर मागायचं.

अहवाल: खरा खजिना इथं आहे

पोरं पाठ्यपुस्तकातनं आकडे उचलतात. पाठ्यपुस्तकातला आकडा म्हणजे शिळी भाकरी, कुणीतरी कुठनंतरी घेतलेला असतो. मूळ अहवाल बघायचा.

जिल्ह्यासाठी पहिलं नाव लिहून घ्या, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा कार्यालय हे काढतंय. तालुकावार पिकं, सिंचन, बँका, सहकारी संस्था, शाळा, दवाखाने, रस्ते, सगळे तक्ते एकाच ठिकाणी आणि ते पण मराठीत. मला हे आहे हेच पहिले सहा महिने माहीत नव्हतं, म्हणजे बघा. राज्यासाठी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी, बजेटच्या आदल्या दिवसांत येते, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. देशासाठी केंद्राची आर्थिक पाहणी. लोकसंख्येचा आकडा लागला तर जनगणना, सांगली जिल्हा २०११ ला २८,२२,१४३. कुणी २०२१ चा जनगणनेचा आकडा म्हणून काही दिला तर तो अंदाज आहे, कारण २०२१ ला जनगणना झालीच नाही.

नाबार्डचा (शेती-ग्रामीण कर्जाची राष्ट्रीय बँक) पोटेन्शियल लिंक्ड क्रेडिट प्लॅन म्हणून एक असतो, प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा, दरवर्षी. जिल्ह्यात कुठल्या पिकाला, कुठल्या धंद्याला किती कर्ज लागू शकतं ह्याचा अंदाज त्यात असतो. नाव ऐकून कंटाळा येतो पण स्थानिक अडचणी जेवढ्या स्पष्ट त्यात लिहिलेल्या असतात तेवढ्या दुसरीकडं वाचायला मिळाल्या नाहीत मला.

मग रिझर्व्ह बँक. भारतीय अर्थव्यवस्थेच्या सांख्यिकीची हँडबुक, राज्यांची वेगळी हँडबुक, दर महिन्याचं बुलेटिन, बँकिंगची प्रगती सांगणारा ट्रेंड अँड प्रोग्रेस अहवाल, राज्यांच्या बजेटचा अभ्यास, आणि हे सगळं त्यांच्या डेटाबेसवर एक्सेलमध्ये फुकट. जिल्हावार ठेवी आणि कर्ज पण मिळतात. आता इथं माझी फजिती सांगतो, कारण तुमची पण हीच व्हायची शक्यता आहे.

मी प्रोजेक्टच्या एका प्रकरणात जिल्ह्याच्या एकूण ठेवी म्हणून तो जिल्हावार तक्ता टाकला, वर छान रंगीत ग्राफ काढला. तोंडी परीक्षेला बाहेरनं आलेल्या सरांनी ग्राफकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "आणि जिल्हा बँक कुठं गेली?" मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले तक्त्याचं नाव वाच. नावात स्पष्ट होतं, शेड्युल्ड कमर्शियल बँका. म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक नाही, नागरी सहकारी बँका नाहीत, गावोगावच्या पतसंस्था नाहीत, विकास सोसायट्या नाहीत. दुसऱ्या एखाद्या राज्यात ह्यानं फार फरक पडणार नाही कदाचित, पण सांगली-साताऱ्यात पीककर्ज, साखर कारखाना, दूध संघ सगळं सहकारातनं फिरतंय, इथं सहकारी बँका सोडून जिल्ह्याचा पैसा मोजणं म्हणजे कारखान्याची वजनकाट्यावरची गाडी मोजायची आणि ऊस बाहेर ठेवायचा. सहकाराचा आकडा सहकार आयुक्तालयाच्या वार्षिक प्रकाशनात, समालोचनात आणि ज्या त्या बँकेच्या वार्षिक अहवालात मिळतोय, तो वेगळा काढून शेजारी मांडायचा, आणि दोन्हीची तारीख ३१ मार्चचीच आहे का बघायची.

तेव्हापासनं मी कुठलाही तक्ता घेताना आधी तीन गोष्टी वाचतो, वरचं पूर्ण नाव, उजव्या कोपऱ्यातलं एकक, आणि खालच्या तळटीपा. एककाचं पण सांगतो, रिझर्व्ह बँकेचे मधल्या काही वर्षांचे तक्ते बिलियन रुपयांत आहेत आणि आधीचे-नंतरचे कोटींत. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. न बघता कॉपी-पेस्ट केलं की एका वर्षी ठेवी शंभरपटीनं पडतात आणि पुढं परत उसळतात, आणि तुम्ही त्याचं कारण नोटबंदी लिहून मोकळे होता. हे विनोद म्हणून सांगत नाही, मी असला प्रोजेक्ट वाचलाय.

लेख, मासिकं, प्रबंध

ह्याच्यासाठी कॉलेजचं ग्रंथालय. बऱ्याच कॉलेजांनी इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट घेतलेलं असतं, त्यातनं हजारो इ-जर्नल्स आणि इ-बुक्स मिळतात, घरी बसून. पण लॉगिन ग्रंथपालाकडनं करून घ्यावं लागतं, आणि गंमत अशी की तीन वर्षं कॉलेज करून पोरं बाहेर पडतात आणि कुणी लॉगिन मागितलेलंच नसतं. पहिल्या आठवड्यात जाऊन ईमेल आयडी देऊन या. सरकारी विद्यापीठं-कॉलेजांसाठी १ जानेवारी २०२५ पासनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन पण सुरू झालंय, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० जर्नल्स. तुमची संस्था त्यात बसते का ते ग्रंथपालालाच विचारा, आपल्याकडची खाजगी अनुदानित कॉलेजं आणि सरकारी संस्था ह्यात फरक आहे.

लेखांत पहिल्यांदा इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली बघा. मुंबईतनं निघतं, १९४९ ला इकॉनॉमिक वीकली म्हणून सुरू झालं, १९६६ पासनं आत्ताच्या नावानं. शेतीमालाचे भाव, साखर, सहकार, महाराष्ट्राचं राजकारण ह्यावर ह्यात जेवढं आलंय तेवढं कुठं नाही. जुने अंक जेस्टोर ह्या जर्नल्सच्या साइटवर आहेत, कॉलेजकडनं नसलं तरी स्वतःचं फुकटचं खातं काढलं तर मर्यादित लेख ऑनलाइन वाचता येतात. इंग्रजी जड वाटेल. पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद आणि तक्ते वाचा, मग ठरवा पूर्ण वाचायचा का. मराठीत मराठी अर्थशास्त्र परिषदेचं अर्थसंवाद आहे, त्रैमासिक, ग्रंथालयात येत असेल तर जुने अंक मागून घ्या, आपल्या भागातल्या प्राध्यापकांचे लेख सापडतात आणि मराठीत अर्थशास्त्र कसं लिहायचं ह्याचा नमुना पण मिळतो.

शोधगंगा विसरू नका. भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथं फुकट असतात, शिवाजी विद्यापीठाचे पण. मी प्रबंध उघडला की सरळ शेवटच्या पानांवर जातो, संदर्भांची यादी बघायला. कुणीतरी तीन-चार वर्षं घालून ती यादी केलेली असते, तुम्हाला ती दहा मिनिटांत मिळते. त्यातली पंधरा नावं उतरवा आणि ओपॅकवर एकेक टाका. आकडे मात्र प्रबंधातनं उचलायचे नाहीत, त्यानं जिथनं घेतलेत तिथं जाऊन बघायचे. मी दोन प्रबंधांत हळदीच्या क्षेत्राचा आकडा वेगवेगळा बघितला, एकानं हेक्टर लिहिलेलं, दुसऱ्यानं तोच आकडा एकर म्हणून छापलेला.

फार जुनं काही लागलं, म्हणजे ब्रिटिश काळातले कमिटी रिपोर्ट वगैरे, तर गोखले संस्थेनं जुनी पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवलीत. पुण्याला जायच्या आधी तिथं बघा, एसटीचं भाडं वाचेल.

भाव आणि महागाई, इथं सावकाश जाऊ

बाजार समितीचे भाव पणन मंडळाच्या साइटवर आणि केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेटवर मिळतात. तिथं तीन भाव असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. पेपरात मथळा येतो तो जास्तीत जास्तचा, "हळदीला विक्रमी दर". तो एखाद्या दहा पोत्यांच्या लॉटला मिळालेला असू शकतो. तुम्ही सर्वसाधारण घ्यायचा, आणि आवक पण उतरवून घ्यायची, कारण आवक चाळीस पोती असलेल्या दिवसाचा भाव आणि हंगामातल्या भर गर्दीतल्या दिवसाचा भाव सारख्या वजनानं धरता येत नाही. साइटवर मधले महिने गायब असतात. तेव्हा वाचनालयातले वर्तमानपत्रांचे गठ्ठे कामाला येतात, अ‍ॅग्रोवन २००५ पासनं निघतोय, त्यात बाजारभावाचं पान असतंय. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातात, हात काळे होतात, पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे असलं की परीक्षक पान उलटायचा थांबतो.

मग वर्ष. वर्ष म्हणजे कुठलं वर्ष हे ठरवा. सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, शेतीच्या आकडेवारीचं जुलै ते जून, साखरेचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. हळद मे-जूनला लागते आणि नवा माल यार्डात यायला लागतो तो पुढच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीपासनं. म्हणजे मार्चचा भाव कुठल्या वर्षात टाकायचा? आर्थिक वर्ष धरलं तर एकाच हंगामाचे दोन तुकडे होतात. मी फेब्रुवारी ते जानेवारी असं धरलं आणि तसं पहिल्याच पानावर लिहून टाकलं. तुम्ही दुसरं धरा, हरकत नाही, फक्त लिहा. आणि ऊसवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर) हा उताऱ्याला, म्हणजे उसातनं किती टक्के साखर निघते त्याला, बांधलेला असतो, २०२४-२५ हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होता, त्यामुळं दोन वर्षांचा दर शेजारी ठेवताना मूळ उतारा पण तोच आहे का बघावं लागतं. हळदीला हमीभाव नाही, एवढा एक ताप कमी.

आता मामांचा प्रश्न. भाव वाढला, पण महागाईच्या मानानं वाढला का. ह्याला निर्देशांक लागतो. दुकानात, घरात ज्या दरानं आपण वस्तू घेतो त्याचा ग्राहक किंमत निर्देशांक, आणि होलसेलचा तो घाऊक किंमत निर्देशांक. गणित सोपं आहे, समजा पहिल्या वर्षी क्विंटलला ८,००० भाव होता आणि शेवटच्या वर्षी १२,०००, आणि त्याच काळात निर्देशांक १२५ वरनं १८० वर गेला. तर जुन्या ८,००० ला १८० नं गुणायचं, १२५ नं भागायचं, येतात ११,५२०. म्हणजे नुसती महागाई भरून निघायलाच ११,५२० पाहिजे होते, मिळाले १२,०००, खरी वाढ ४ टक्क्यांच्या आसपास. न काढता लिहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता ५० टक्के. आमचा चुलतभाऊ तेच म्हणत होता.

पण निर्देशांक निवडताना दोन खड्डे आहेत. एक, पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षीचा निर्देशांक १०० धरतात ते. ग्राहक किंमत निर्देशांकाची २०१२ पायाची मालिका, घाऊकची २०११-१२ पायाची, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेगळ्या. दोन मालिकांचे आकडे सरळ एका रांगेत लावायचे नाहीत, सरकार जोडगुणक देतं त्यानं जोडून घ्यायचं. दुसरा खड्डा, कुणाची महागाई? शहरातल्या माणसाची की हळद पिकवणाऱ्याची? ग्रामीण निर्देशांक वेगळा असतो, शेतमजुरांचा अजून वेगळा (त्याचा पाया तर कितीतरी वर्षं १९८६-८७ च होता). आणि एक बारकी गोष्ट जी मला ग्रंथपाल मॅडमनी दाखवून दिली, घाऊक निर्देशांकात हळद ही स्वतःच एक वस्तू आहे, म्हणजे हळदीची महागाई हळद असलेल्याच फूटपट्टीनं मोजायलोय. तिचं वजन एकूणात किरकोळ आहे त्यामुळं उत्तर बदलत नाही, पण मसाल्यांचा उपगट घेऊन भागायला गेलात तर बदलतं. मी ग्रामीण ग्राहक निर्देशांक घेतला. मजुरी आणि डिझेलची वेगळी रांग पण लावली, कारण मामांनी ते नाव घेऊन विचारलेलं.

कंपनी किंवा बँकेवर प्रोजेक्ट असेल तर

लिस्टेड कंपनीचे वार्षिक अहवाल बीएसई-एनएसईच्या साइटवर असतात, त्यातल्या नफ्याच्या पानाआधी लेखापरीक्षकाचा अहवाल आणि टिपा वाचा. सहकारी बँक किंवा कारखाना असेल तर वार्षिक सभेच्या आधी सभासदांना छापील अहवाल जातो, घरात किंवा शेजारी कुणीतरी सभासद असणारच, पाच वर्षांचे अहवाल मागून घ्या. शेजारच्या आजोबांच्या ट्रंकेत मला एका संस्थेचे सलग अकरा वर्षांचे अहवाल मिळाले, ग्रंथालयात दोनच होते. बाकी पैसे देऊन घ्यायचे डेटाबेस असतात, सीएमआयईचा प्रोवेस वगैरे, ते स्वतःच्या पैशानं घ्यायच्या भानगडीत पडू नका, विद्यापीठात आहे का विचारा, नसेल तर अहवालांवर भागतं.

वही

मोबाईलमध्ये तीनशे फोटो काढून ठेवायचे आणि नंतर कुठला फोटो कुठल्या अहवालाचा ते आठवत बसायचं, हे सगळे करतात, मी पण केलं. आता माझी पद्धत अशी, आधी मुखपृष्ठाचा फोटो, मग वर्ष आणि प्रकाशक असलेल्या पानाचा, मग तक्त्याचा, तळटीप धरून. वहीत अहवालाचं नाव, वर्ष, तक्ता क्रमांक, पान, आणि कुठल्या ग्रंथालयात बघितलं. एक्सेलमध्ये प्रत्येक आकड्याच्या शेजारच्या खान्यात हा पत्ता टाकायचा. गाईडनं सहा महिन्यांनी विचारलं हा आकडा कुठला, की वही उघडायची. जुन्या बांधीव पुस्तकाची झेरॉक्स काढायला लावू नका, पाठ मोडते, फोटोच काढा, तो पण विचारून.

प्रोजेक्ट झाला की एक जादा प्रत बाइंड करून ग्रंथालयाला द्या, पुढच्या पोराला तुमची वही मिळत नाही पण ही मिळते. माझी दिली मी. दाखल अंक पडला, शिक्का बसला, महिन्याभरानं बघायला गेलो तर ३३८.१ ला नाही, ३८१ ला पण नाही. शोधत शोधत गेलो तर स्वयंपाकाच्या पुस्तकांशेजारी होती, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात "हळद" छापून घेतलेलं ना मी. मॅडमना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या, म्हणाल्या थांब, ह्या आठवड्यात दोघींनी नेलीय ती, परत आली की बदलते.